भोईर सरांच्या छपरावरचं ऊन

आमचे भोईर सर खिशात पेनऐवजी वीज मोजायचा मीटर ठेवतात, लाल-काळ्या वायरींसकट. चौक गावच्या बाजारात ते दिसले की दुकानदार बायकोला सांगतो, "सर आले, जुने सेल आत ठेव गं." कुणी काही ठाम बोललं की सरांचा एकच प्रश्न, "मोजलंस काय?" त्यांच्या शाळेत शिक्षक म्हणून नोकरीला लागलो तेव्हा मी त्यांना म्हणालो, "सर, आमच्या घरात बीएस्सी झालेला पहिला मीच." तर म्हणाले, "घर मोजलंस, आता गाव मोज." मी मोजलं. गावातही पहिलाच निघालो.

आमची शाळा कर्जतच्या डोंगराखाली, जोडीला मुलींचं वसतिगृह. संध्याकाळी वीज गेली की दहावीच्या पोरी अंधारात बसतात. यंदा अभ्यासाच्या खोलीसाठी एका देणगीदाराने सोलर पॅनेल दिलं. हेडमास्तर म्हणाले, "ऑफिसच्या पत्र्यावर लावू. पाहुण्यांना दिसलं पाहिजे."

"ते पाहुण्यांवर चालतंय काय?" भोईर सर म्हणाले, आणि आठवीच्या वर्गाला प्रयोगच लावून दिला. एक छोटं पॅनेल, त्याला खेळण्यातला पंखा, आणि शाळेतली सगळी छपरं. दर तासाला मोजायचं, वीज जास्त कुठे.

आठवडाभर पोरी शिडी घेऊन फिरल्या. ऑफिसवर दुपारीच डोंगराची सावली येते, पंखा मान टाकतो. सगळ्यात जास्त ऊन शाळेच्या आवारातल्या सरांच्या क्वार्टरवर. पण तिथेही दुपार कलली की पंखा थांबायचा. आडवा येत होता शेवगा, सरांच्या बायकोने, सुमनताईंनी लावलेला. त्या गेल्यापासून सर त्याच्या फांदीला कुणाला हात लावू देत नव्हते.

शनिवारी सरांनी वर्गात विचारलं, "निकाल काय?"

सविता म्हणाली, "ऑफिसच बरं हाय, सर."

"मोजलंस काय गं?"

"मोजलंय. पण आमी नाय सांगणार."

सर फळ्याकडे वळले आणि त्यांनी स्वतःच लिहिलं: जागा, क्वार्टर. अडथळा, शेवगा. मग बराच वेळ हाताचा खडू झटकत राहिले.

रविवारी सकाळी सर कोयता घेऊन शिडीवर. खालून पोरींचं चाललेलं, "सर, बास. एवढीच बास." मी म्हणालो, "उतरा, मी तोडतो."

"तू बीएस्सी हायस. शिडी धर."

एकही फांदी त्यांनी खाली टाकली नाही. प्रत्येक दोरीने उतरवली.

क्वार्टरवर पॅनेल आणि खोलीत बॅटरी बसायला महिना गेला. मग एका संध्याकाळी गावातली वीज गेली, आणि अभ्यासाच्या खोलीतला दिवा तसाच राहिला. पोरींनी वर पाहिलंसुद्धा नाही, पाठांतर चालूच. मी सरांना सांगायला निघालो, तर ते वसतिगृहाच्या कुंपणापाशी उकिडवे बसलेले. पोरींनी शेवग्याच्या त्या सगळ्या फांद्या तिथे रांगेने रोवल्या होत्या. मोबाईलच्या उजेडात सर एकेका फांदीवर बोट फिरवत होते. एकीपाशी बोट थांबलं. तांदळाएवढा हिरवा कोंब.

"झाडं लावायची ती, पण खड्डा मला खणायला लावायची," सर म्हणाले. सुमनताईंबद्दल त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "मी खोल खणला की म्हणायची, विहीर काढताय काय?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस ना रं. घाई हाय काय?"

मी चप्पल काढून तिथेच मातीत बसलो.