गच्चीवरची रिकामी जागा

नांदरखेड नगरपालिकेचा भोंगा पाणीपुरवठा समितीचा सभापती झाला आणि नगरसेविका प्रणिता वाडिलेच्या अंगाचा तिळपापड झाला.

तशी भोंग्याची सेवा जुनी. बंद पडलेल्या जिनिंग मिलमधून त्याला आणून गच्चीवर बसवलं, तेव्हापासून सकाळी साडेआठला गाव त्याच्यावर घड्याळं लावायचं. नगराध्यक्ष आले-गेले, मध्ये प्रशासक बसले. भोंग्याने कधी पक्ष बदलला नाही. म्हणून गेल्या निवडणुकीत लोकांनी त्याला उभं केलं, निवडून दिलं. त्यात वावगं काहीच नव्हतं. प्रणिताचं दुखणं वेगळं होतं. तिच्या भोईवाड्याचे नळ उन्हाळाभर कोरडे होते, म्हणून सभापतिपदाला तिनेही नाव दिलं होतं. पण ती बोलायला उभी राहिली की सभागृहात चिवड्याची बशी फिरू लागे.

मतदान आवाजी झालं. प्रणिताच्या बाजूने चौघं “हो” म्हणाले. भोंग्याच्या बाजूने एकटा भोंगाच बोलला. प्रणिता इतकी दचकली की तिचं पेन टेबलाखाली गेलं.

“बहुमत स्पष्ट आहे,” नगराध्यक्ष रमणशेठ कान चोळत म्हणाले.

“अहो शेठ, ते एकच मत होतं!”

“ताई, आवाजी मतदानात डोकी मोजत नाहीत. जरा नियम बघत जा.”

घरी आली तर शेजारच्या सरजाकाकू रिकामा हंडा घेऊन ओट्यावरच बसलेल्या.

“काय गं, झालीस का सभापती?”

“भोंगा झाला.”

“होणारच. तो बोलला की गाव उठून बसतं. आणि तू बोलतेस जशी शेजारणीकडे विरजण मागतेस.”

हे प्रणिताला फार लागलं. त्यानंतर तिला भोंग्याचं सगळंच खुपू लागलं. त्याच्या खुर्चीवरचा पांढरा टर्किश टॉवेल, दारावरची पितळी पाटी, लोक आणत ते हार. बोलायच्या आधी त्याला साधं खाकरावंही लागत नसे. आणि ती मात्र लहानपणापासून त्याला दचकत आलेली.

इकडे भोंगा खाली केबिनमध्ये बसू लागल्यावर गच्ची सुनी पडली. शाळा भरायची तेव्हा सुटू लागली, बँक मनाला येईल तेव्हा उघडू लागली. सभेत मुख्याधिकाऱ्यांनी विषय मांडला: एका सदस्याला एकच पद, सबब गच्चीवरची जागा रिक्त.

“मी इच्छुक आहे,” प्रणिता म्हणाली. आपलं आपल्यालाच आश्चर्य वाटलं तिला.

रमणशेठनी विचार केला. “ताईंकडे पद नाहीच. अडचण दिसत नाही. सभापतींचं काय म्हणणं?”

“भों,” सभापती म्हणाले.

“हरकत नाही म्हणतात.”

दुसऱ्या सकाळी ती जिना चढली. पदर खोचला, खांब गच्च धरला आणि साडेआठला पोटातून ओरडली, “भोईवाड्यात पाणी नाही!”

गावाने घड्याळं लावली. पोरं शाळेकडे पळाली, बँकेचं शटर वर गेलं. खालच्या केबिनमध्ये भोंगा असा दचकला की त्याचा चहा बशीत सांडला.

“काय खणखणीत आवाज आहे ताईंचा!” हार घेऊन आलेला एकजण त्याच्या तोंडावर म्हणाला. “आधीच्याला ही धार नव्हती.” आणि हार घेऊन तो तसाच गच्चीकडे गेला.

भोंग्याने केबिनचं दार लावून घेतलं. मग रोज साडेआठ वाजत आले की तो टेबलाची कड धरून बसे. आठवडाभर त्याने ते सोसलं. शेवटी तिला ओरडायला काही उरूच नये म्हणून त्याने भोईवाड्याची नवी पाइपलाइन मंजूर करून टाकली. चर खणले, नळ आधी खोकले, मग धो धो वाहू लागले.

“आता उतर की खाली,” भरला हंडा कडेवर घेत सरजाकाकू म्हणाल्या. “झालं ना काम?”

“आणि साडेआठला काय करायचं?” प्रणिताने विचारलं.

सकाळी भोंगा केबिनची खिडकी उघडून वर बघत बसला होता. प्रणिताने त्याला पाहिलं. पदर खोचला, खांब धरला.

“कासारवाड्यात पाणी नाही!”

गावाने घड्याळं लावली.