मांजरीची साक्ष

"माझ्या बैठकीत कोणाचं तोंड दाबलं न्हाई! दोन्ही बाजू ऐकल्याबिगर निवाडा न्हाई!" साखऱ्याजवळच्या तांड्याचा नायक शंकरसिंग छाती फुगवून सांगायचा.

म्हणूनच २००७ साली नात दिपानं सेनगावच्या इंटरनेट कॅफेत तांड्याचा ग्रुप काढला, तेव्हा त्यातलं नको ते पुसायचा अधिकार आजालाच दिला. पुण्या-हैदराबादला पांगलेली पोरं धडाधड लिहू लागली.

आठव्याच दिवशी 'तांड्याची मांजर' अशा नावानं कोणीतरी लिहिलं, "नायक बैठकीत झोपतो. उठला की निवाडा देतो!"

शंकरसिंगाचं पित्त खवळलं. चाळीस वर्षांची नायकी एका मांजरीनं धुळीला मिळवायची?

"पूस ते!"

"आजा, दोन्ही बाजू ऐकल्याबिगर?" दिपानं विचारलं.

झाली पंचाईत! शेवटी त्यानं जीप भरून पंच सेनगावला नेले. बायको भिकाबाईही बाजाराचं निमित्त काढून मागं बसली. कॅफेवाल्या मुंजाजीनं नायकाला गुबगुबीत खुर्ची दिली, पंखा लावला, वर नवा कॅमेराही दाखवला. दिपानं हुकूम लिहिला, "मांजरीचे साक्षीदार हजर व्हावेत."

मिनिटात हजर! पुण्याहून नेमसिंग, "माझ्या बांधाच्या भांडणात झोपला होता." हैदराबादहून धर्मसिंग, "माझ्या सोयरिकीत तर घोरला!" थेट दुबईहून जगन, "मला दंड केला तवा डोळे मिटलेलेच होते!"

शंकरसिंग रागवायचंच विसरला. सातासमुद्रापलीकडचं पोरगं आपल्या बैठकीला!

"काय नवल हाये रे! इतकी माणसं होळीला बी जमत न्हाईत!"

त्याचा ऊर भरून आला. साक्षी येत राहिल्या, पंखा फिरत राहिला.

अर्ध्या तासानं तो दचकून गरजला, "दोन्ही बाजू ऐकल्या! आरोप खोटा! पुसा!"

कोणीच हलेना. पडद्यावर त्याचाच फोटो होता. मुंडासं कानावर, तोंड उघडं! खाली मांजरीनं लिहिलं होतं, "ताजा पुरावा."

"म्हंजे मांजर हितंच हाये?"

पदर सावरत भिकाबाई पुढं आली. "मी सांगते, दिपा लिहिते. बैठकीत बाईनं बोलायचं न्हाई. मंग कुठं बोलावं?"

पंच एकमेकांकडं बघू लागले. शंकरसिंगानं पडद्यावरचा फोटो पुन्हा निरखला. मग म्हणाला, "राहू द्या. पुरावा पुसता येत न्हाई."

आणि दिपाच्या कानाशी वाकून हळूच पुटपुटला, "पोरी, तेवढं मुंडासं सरळ करता येतं का?"