दाऊदभाईंची चौकशी

आमच्या बोर्ली पंचतनात कुणी वारलं की चार-पाच दिवसांनी दाऊदभाई त्या घरी हजर. समाचाराला आलेला माणूस दोन शब्द बोलतो, गप्प बसतो आणि उठतो. दाऊदभाई बसकण मारत आणि विचारत, "गेला कशानं?" घरचे म्हणत, "ताप आला होता." झालं! "ताप म्हंजे कसा? थंडी वाजून? पोट चालत व्हतं? पाणी कुठल्या विहिरीचं?" एका म्हातारीनं तर ताकाचा तांब्या त्यांच्या अंगावर रिकामा केला होता. त्यांनी दाढीवरचं ताक पुसलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

दाऊदभाई देवी टोचणारे. काळी गोंड्याची टोपी, हातात पत्र्याची पेटी. ते आळीत शिरले की बायका पोरांना कणगीमागे लपवायच्या. हा चौकशीचा नाद लागल्यापासून लोक आपली मेलेली माणसंही लपवू लागले. "हा गृहस्थ सुखानं मरूपण देत न्हाय," असं आमचे पाटील म्हणत.

पाटलांचा राग मला समजे. जन्ममृत्यूची वही त्यांच्या ताब्यात, आणि अक्षर बरं म्हणून लिहायला मी, शाळामास्तर. आमच्याकडे मरणाची कारणं चारच होती: पटकी, देवी, प्लेग आणि ताप. पहिल्या तिन्हींत न बसणारा तापात जायचा. माडावरून पडून मेलेला एक गडीसुद्धा मी तापात घातला होता, कारण पडल्यावर तो दोन दिवस तापानं फणफणला होता. ती नोंद वाचून दाऊदभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की वर्गात पाढे चुकणाऱ्या पोराला काय वाटत असेल ते मला कळलं.

"मास्तर, या वहीवरून दवाखान्यात दवा येतो. ताप दिसला की पाठवली कोयनेलची बाटली. ज्याचं दुखणं निराळं, त्यानं काय करायचं? आधी विचारा, माणसं मरतात कशानं. दवा मागाहून."

एक दिवस कागद आला. मुरूडहून मोठे डॉक्टर येणार होते. गावात कोणत्या दुखण्याचा तपास आधी करावा, हे गावानंच सांगायचं होतं. दाऊदभाईंना जणू ईदच आली. सभेच्या आदल्या दुपारी जुन्या वह्या चाळायला ते माझ्याकडे आले. पानं उलटता उलटता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. मी वाकून पाहिलं. हलिमा, दाऊद यांची मुलगी, वय एकोणीस, ताप. अक्षर माझंच होतं.

"पुढचं पान बघा, दाऊदभाई," मी म्हटलं.

त्यांनी वही मिटली आणि ते घरी गेले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी चावडीत गर्दी झाली. पाटील म्हणाले, विहिरी तपासा. खोत म्हणाले, डास. एक व्यापारी म्हणाला, दिघीच्या धक्क्यावर उतरणारी माणसं पटकी आणतात, आधी त्यांना तपासा. शेवटी दाऊदभाई उठले. डॉक्टर हसले, दाऊदभाईंच्या प्रश्नांची कीर्ती मुरूडपर्यंत पोचली होती.

"साहेब, माझी हलिमा पहिल्या खेपेला माहेरी आली. आगरदांड्याहून मीच आणली मचव्यातून. सुईण गोठ्यातनं उठून तशीच आत गेली, हात शेणाचे. मी ओटीवर व्हतो. टोचायची सुई मी रोज दिव्यावर धरतो. पन 'बाई, हात धू' म्हणायला आत गेलो न्हाय. बाप्यानं जायचं नसतं ना! चौथ्या दिवशी पोर गेली. पाटलांनी विचारलं, कशानं? चार लोक बसले व्हते. लेकीच्या बाळंतपणाचं चारचौघांत काय सांगू? मी म्हटलं, ताप." त्यांनी माझ्यापुढच्या वहीकडे बोट केलं. "पैली चौकशी ही करा. ताप लिहिलेल्या बायांत बाळंतिणी किती व्हत्या?"

 पाटील खाली बघत म्हणाले, "आमची धाकटी सून. अकरा दिवसांची बाळंतीण व्हती." दाराशी उभा असलेला एक कोळी म्हणाला, "माजी भैन बी."

"मास्तर, लिहून घ्या," डॉक्टर म्हणाले.

मी लिहू लागलो. एकेक नाव ओळखीचं निघत होतं. सगळी मीच तापात घातलेली. मला माझ्या अक्षराची लाज वाटली. दाऊदभाई शेजारी येऊन बसले होते. प्रत्येकाला ते हळूच विचारत, "आणि मूल? मूल जगलं ना?"

हलिमाचं मूल तिच्या पाठोपाठ पाचव्या दिवशी गेलं होतं. नाव सातव्या दिवशी ठेवायचं होतं, आणि बिननावाचं म्हणून मी त्याला वहीत घेतलंच नव्हतं. सगळे सांगून झाल्यावर मी टाक दौतीत बुडवला.

"दाऊदभाई, बाळाचं नाव काय लिहू?"

दुसऱ्यांना शंभर प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसानं वही ओढून हलिमाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"लिहा," ते म्हणाले, "हलिमाचा मुलगा."