त्रास कुणाला हाय?

आमचे वसंतमामा घराला कुलूप लावत, ओढून बघत, रस्त्यापर्यंत जात आणि परत येऊन पुन्हा ओढत. मग कुलपालाच ऐकवत, "कुणाला धोका न्हाई, काम अडत न्हाई, मला त्रास न्हाई. म्हंजे आजार न्हाई. सवय!" तोवर आमची बस गेलेली असायची.

लातूर जिल्हा झाला, नवा कलेक्टर आला, पण आमच्या घरात कौतुक मामांचंच. कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारा घराण्यातला पहिला माणूस! माझी आई मुखेडच्या बाजारात भाजीवालीलासुद्धा हे सांगायची. लोक त्यांना डॉक्टर म्हणत. "अरे, मी शिकवतो, गोळ्या देत न्हाई," असं म्हणत मामा समोरच्याला तपासायला घेत. जगावेगळं वागणं म्हणजे वेड, हे त्यांना मंजूर नव्हतं. त्यांचा सवाल ठरलेला: "त्रास कुणाला हाय?" माझीही तपासणी झाली होती. "ह्याला काहीच त्रास न्हाई, सगळा ह्याच्या आईला हाय. आजारी न्हाई, नुसता आळशी." ह्या निदानाचा मला आजही अभिमान आहे. तज्ज्ञाचं आहे.

मग दुष्काळात रेणापूरजवळच्या गावाहून निरोप आला: गंगामावशीला, मामांच्या थोरल्या बहिणीला, वेड लागलंय, कायमची घेऊन जा. मामांबरोबर मीही गेलो.

मावशीचा बैल चारा छावणीत, गोठा रिकामा. तरी ती रोज त्याच्या दगडी डोणीत पाणी ओतायची. तेही टँकरचं!

"बघा डॉक्टर," तिची सासू म्हणाली, "माणसाला प्यायला न्हाई अन् ही डोण भरती. शहाण्याचं लक्षण हाय का?"

"आत्याबाई, औंदा पाऊस झाला असता तर हिला कुणी येडी म्हणलं असतं का? अन् पाणी कुणाच्या वाट्याचं?"

"माझ्या," मावशी म्हणाली. "मी आंघुळ करत न्हाई."

"सैपाक? रानातलं काम?"

"ते करती की," सासू पुटपुटली.

"मंग? धोका न्हाई, काम अडत न्हाई. आक्का येडी न्हाई. इथंच नांदंल."

निदान मीच केल्यासारखी माझी छाती फुगली.

फाट्यावर बस आली. मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. मामा पायरीवर एक पाय ठेवून थबकले. "तिसरं विचारायचंच ऱ्हायलं!" म्हणाले आणि गावाकडं चालू लागले. रुमालावर पाणी सोडून मी मागोमाग.

मावशी डोणीपाशीच होती. मामा शेजारी मातीत बसले. "आक्का, तुला त्रास होतो का गं?"

मावशीनं हातातला हंडा खाली ठेवला. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"झोप लागत न्हाई रे," तिनं पदर तोंडाला लावला. "नेताना त्यानं मागं वळून बघितलं व्हतं."

मामांनी ना आजाराचं नाव घेतलं, ना सवयीचं. तिचा हात धरला. "उद्या छावणीत जाऊन त्याला बघून येऊ. मग लातूरला डॉक्टरला दाखवू. अन् परत तुझ्या घरी मीच आणून सोडीन."

"म्हंजे मी येडी?"

"न्हाई. लई दमलीस."

आम्ही मुक्कामाला राहिलो. सकाळी मावशी डोण भरत होती, मामा हंडा कलता धरून उभे. मला एकदम आठवलं. "मामा, निघताना कुलूप ओढून बघितलं होतं ना?"

"कुठलं कुलूप?" मामा म्हणाले आणि हंडा आणखी थोडा कलता केला.