पन्नास सेंटिमीटरांची फत्ते

श्रीगजानन प्रसन्न. भोसरी परगण्यातील औद्योगिक वसाहतीत एक्स-रेचे टेबल ऐंशी सेंटिमीटरांवरून पन्नासांवर कैसे उतरले, याची हकीकत जाणत्यांनी पुसली, म्हणोन घडले तैसे, पदरचे काही न घालता, लिहिले आहे. सावकाश ऐकावे.

कारखान्याचे धनी राजश्री सदाशिवराव. त्यांचे पदरी सुखदाबाई, डिझाइनच्या कामी निष्णात. यांनी रोगी निजवावयाचे, मोटरीने वर-खाली होणारे टेबल सिद्ध केले. शुक्रवारी इस्पितळाचे डॉक्टर पाहणीस येणार, सबब सोमवारी रंगीत तालीम मांडली आणि रोगी म्हणोन कँटीनच्या जाईबाईंस पाचारण केले. वय साठ, गुडघे दोन्ही फितूर. टेबल पार तळास आणिले तरी ऐंशी सेंटिमीटर. मग धन्यांनी स्टुलाचे फर्मान सोडिले, आणि बाई स्टुलावर चढल्या, आणि स्टूल निसटले, आणि सुखदाबाईंनी कवेत धरिले म्हणोन हाड वाचले.

जाईबाई धापा टाकीत बोलिल्या, "पोरी, दुखणाईत मानूस हितं डोंगर चढाया येतंय व्हय?"

शब्द सुखदाबाईंचे जिव्हारी लागला. उंची त्यांनी डॉक्टरांच्या कमरेवरून धरिली होती. रोग्याचे गुडघे कोणी मोजलेच नव्हते. रोग्यास सहज बसता यावे म्हणोन पन्नास गाठावे, ऐसा निश्चय केला. धन्यांचा हुकूम आला की, ड्रॉइंग मंजूर आहे, बदल होणे नाही. त्यावर बाईंनी फिटर कुलदीपरावांस आपले पक्षी वळविले. मग टेबलाखाली उभी ठाण मांडलेली मोटर आडवी पाडिली, आणि टेबल पेलणारे कैचीसारखे दांडे आणखी मिटू लागले, आणि टेबल साठांवर आले, आणि तेथे मोटरीभोवतीच्या निळ्या कव्हराने वाट रोखिली. हे कव्हर धन्यांचे परम प्रीतीचे; माहितीपत्रकावर टेबलापेक्षा त्याचाच फोटो मोठा.

कुलदीपराव म्हणाले, "मॅडम, हे कापलं तर साहेब आपल्याला कापतील."

"कापा. सही माझी."

मग ग्राइंडर चालला, ठिणग्यांची आतषबाजी जाहली, आणि कव्हराचे दोन भाग एकात एक सरकतील ऐसे बसविले. गुरुवारी दोनशे किलो वाळूची पोती चढविली. टेबल उतरत उतरत बावन्नांवर अडले. सुखदाबाई पालथ्या पडोन पाहतात तो एका बोल्टाचे डोके आडवे आलेले! त्यास बडतर्फ करून सपाट डोक्याचा नेमिला, आणि पन्नास भरले.

शुक्रवारी डॉक्टरांसमक्ष जाईबाई कोणाचा हात न धरिता टेबलावर बसल्या, आडव्या जाहल्या, आणि टेबल त्यांस घेऊन वर गेले. डॉक्टर प्रसन्न होऊन पुसते जाहले की, इतके खाली आणण्याची कल्पना कोणाची?

सदाशिवराव तत्काळ वदले, "आमचं पहिल्यापासून तेच धोरण!"

इतक्यात वरून जाईबाईंचा आवाज आला, "धोरन साहेबांचं आसंल, पन टेबल ह्या पोरीचं हाय."

डॉक्टर हसले. धनी खाकरले, आणि पाहणीच्या कागदावर 'डिझाइन' या रकान्यात सुखदाबाईंचे नाव त्यांनी स्वहस्ते घातले. किमान उंची पन्नास, भार दोनशे किलो. मुक्काम भोसरी, जनरल शिफ्ट. फत्ते जाहली.