दाजींचं दार उघडेना

"आता हे दार वाटेत उघडून दाखवावं कुणी! यमालाबी माझी परवानगी घ्यावी लागंल!"

हरीश वेल्डरच्या दुकानापुढे उभं राहून संतरामने ही घोषणा केली आणि पिकअपचं दार असं आपटलं, की शेजारच्या हॉटेलातल्या कपबशा वाजल्या. दार लागलं. नुसतं लागलं नाही, तर नव्या कोऱ्या गाडीसारखं 'खट्ट' म्हणून लागलं. संतरामने ते पुन्हा उघडलं, पुन्हा आपटलं, आणि चहा पीत बसलेल्या मंडळींकडे असं पाहिलं, जणू हा आवाज त्याने स्वतःच्या तोंडाने काढला होता.

ही पिकअप म्हणजे संतरामचा जीव. त्याच्या लग्नाहून जुनी. तिचा मूळचा रंग कोणता, यावर गावात अजून मतभेद आहेत. पण इंजिन दणकट! हळदीची पोती कितीही भरा, कुरकुर म्हणून नाही. रडगाणं होतं ते फक्त दारांचं. आतल्या कड्या झिजून गुळगुळीत झालेल्या. डावं दार तर सुतळीने बांधलेलं असायचं, आणि त्या बाजूला बसणाऱ्याने सुतळी हातात धरून बसायचं असा नियम होता.

त्या बाजूला बसायची त्याची बायको, गोजरबाई. एकदा कळमनुरीच्या बाजाराहून येताना तिला डुलकी लागली, सुतळी हातातून सुटली, वळण आलं आणि दार सताड उघडलं. संतरामने एका हाताने स्टेअरिंग आणि दुसऱ्या हाताने बायकोचा दंड धरला म्हणून ती वाचली. मांडीवरची टोमॅटोची पिशवी मात्र गेली. गोजरबाई खाली उतरली, रस्त्यावर टोमॅटो खाणाऱ्या शेळ्यांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "आजपासून म्या ह्या गाडीत बसणार न्हाई."

आणि बसली नाही! कुठेही जायचं तर एसटी. संतराम पिकअप घेऊन मागून जायचा, आणि फाट्यावर दोघं भेटायची. गावात या प्रकाराला हसू लागले, तरी संतरामने सोसलं. पण कनेरगाव नाक्याजवळच्या तिच्या माहेरी भाचीचं लग्न निघालं, आणि गोजरबाईचा धाकटा भाऊ देविदास फोनवर म्हणाला, "अक्का, तू एसटीनं काहून येतीस? म्या नवी गाडी घेतलीया, पाठवतो!"

हे मात्र संतरामला झोंबलं. बायको मेव्हण्याच्या गाडीतून माहेरच्या मांडवात उतरणार आणि आपण मागून एकटे येणार! लोक काय म्हणतील? आणि खरं सांगायचं तर, लोकांचं जाऊ द्या, शेजारची रिकामी सीट बघून त्याला स्वतःलाच करमत नव्हतं.

"देविदासला सांग, गाडी नको," तो म्हणाला. "म्या दारंच पक्की करतो. मंग तर बसशील?"

"दार उघडलं न्हाई तर बसंन," गोजरबाई म्हणाली.

म्हणून हा खटाटोप. हिंगोलीच्या भंगारवाल्याकडे एका मोडक्या मोटारीची दारं होती. त्यातली कड्या-खटक्यांसकट कुलपं संतरामने काढून आणली.

"दादा, ही मागल्या दाराची हायेत," हरीश म्हणाला.

"दार ते दार! बस पत्रा कापून बराबर बसव."

हरीशने बसवली, आणि चांगली बसवली. बसवून झाल्यावर तो म्हणाला, "दादा, ती बारकी पट्टी दिसून राहिली ना कडीखाली, तिला..."

"मला शिकवू नको रे! गाडी चालवता चालवता केस पिकले माझे. ते सोड, काचा लई खडखड करतात. वर करून पाचरी ठोक. नव्या लुगड्यावर धूळ नको."

हरीशने पट्टीचं तसंच सोडलं आणि पाचरी ठोकल्या. संतरामशी वाद घालण्यापेक्षा वेल्डिंग सोपं, हे त्याला अनुभवाने माहीत होतं.

लग्नाच्या दिवशी गोजरबाई नटून अंगणात आली. गाडीत बसण्याआधी तिने नव्या कड्यांना हळद-कुंकू वाहिलं, आणि तेव्हा तिला ती बारकी पट्टी दिसली.

"अवो, हे काय लोंबून राहिलं?"

संतरामला ठाऊक नव्हतं. पण इतकी फुशारकी मारल्यावर बायकोपुढे 'मला ठाऊक नाही' असं कोण म्हणेल?

"ती होय? ती डबल सेफ्टीची! कडीच्या वर कडी."

"मंग लावा की! लोंबती कशाला ठेवली?"

आता माघार नव्हती. त्याने तिच्या दाराची पट्टी वर ढकलली, आणि बायकोला एक न्याय अन् आपल्याला दुसरा नको म्हणून स्वतःच्या दाराचीही ढकलली. दोन्ही दारं 'खट्ट' लागली. गोजरबाईने खांद्याने दार ढकलून पाहिलं. ढिम्म हललं नाही.

"व्हय, चांगलं हाये," ती म्हणाली.

संतरामची छाती इतकी फुगली, की स्टेअरिंगला टेकली. रस्ताभर तो प्रत्येक वळणावर "बघ! उघडलं का?" असं विचारत होता आणि ती "न्हाई" म्हणत होती. हिंगोली सुटल्यावर ती रेलून झोपलीसुद्धा. इतक्या दिवसांनी ती आपल्या शेजारी निर्धास्त झोपलीय, हे पाहून त्याला भरून आलं. नाक्यावर चहाला थांबावं, असं त्याच्या मनात होतं, पण तिची झोप मोडेल म्हणून तो थांबला नाही.

मांडवापुढे डीजे दणदणत होता. पिकअप थाटात येऊन उभी राहिली. देविदास हात जोडून पुढे आला, त्याची बायको रेवती आरतीचं ताट घेऊन आली. संतरामने मिशीवरून हात फिरवला आणि दाराचा खटका ओढला.

काही झालं नाही.

पुन्हा ओढला. गोजरबाईने तिकडून ओढला. दोघांनी मिळून एकच ओढला. दारं मख्ख!

"अवो, उघडा की."

"उघडून राहिलो ना!"

बाहेर सगळे उभे. आत सगळं बंद. काचा पाचरींनी पक्क्या. संतराम ओरडला, पण डीजेपुढे त्याचं काय चालणार? बाहेरच्यांना दिसत होतं ते एवढंच, की दाजी आले, गाडीत ताठ बसले, तोंड लाल झालं आणि उतरायचं नाव नाही.

याचा अर्थ त्या भागात लहान पोरालाही कळतो. देविदासचा म्हातारा चुलता दगडोबा पुढे आला. लग्नकार्यात कुणाचा मान कुठे राहिला, हे पाहण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याने एकदा आत पाहिलं आणि निकाल दिला, "दाजी रुसले!"

"म्या काय केलं?" देविदास गडबडला.

"गाडी पाठवतो म्हणलास ना? म्हंजी त्यांची गाडी हलकी, असंच झालं की! टॉवेल-टोपी आण."

टॉवेल-टोपी आली. पण द्यायची कुठून? दगडोबाने ती बॉनेटवर मांडली, वर नारळ ठेवला. देविदासने हात जोडले. आतून संतरामने दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"एवढ्यानं न्हाई भागायचं," दगडोबा म्हणाला. "कपडा आण."

कपडा आला, बॉनेटवर बसला. संतरामने वैतागून हॉर्न दाबला.

"लई तापले!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

शेवटी त्याने देविदासला फोन लावला. देविदासने समोरच उभं राहून उचलला, एका कानात बोट घातलं, आणि काही ऐकू न येता ओरडला, "व्हय दाजी! चुकलं माझं! सगळं मानानं करतो!" आणि फोन ठेवून दिला.

एक-दोघे दाराकडे सरकले, तर दगडोबा आडवा आला. "हात लावू नका! रुसल्या माणसाचं दार बाहेरून उघडत नसतात. त्यानं आतून उघडलं, तर मान पोचला समजायचं!"

आता संतरामने अखेरचा उपाय केला. त्याने काचेजवळ मनगट नेलं आणि दुसऱ्या हाताने त्यावर खटका फिरवल्यासारखं करून दाखवलं. म्हणजे, बाबांनो, बाहेरची कडी फिरवा!

बाहेर क्षणभर सगळे विचारात पडले. मग दगडोबाचा चेहरा उजळला.

"घड्याळ! दाजीला घड्याळ पाहिजे!"

देविदासने मुकाट्याने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि बॉनेटवर ठेवलं.

आत संतरामने कपाळावर हात मारला. घामाने दोघं चिंब झाली होती. "बघ, काय अवदसा आठवली मला!" तो म्हणाला. गोजरबाई मात्र काचेतून बाहेर बघत होती. भाऊ हात जोडून उभा, भावजय ताट घेऊन उभी, सगळं भावकीतलं माणूस आपल्या उतरण्याची वाट बघून राहिलेलं. तिने दाराला खांदा टेकला आणि पदराने गळा पुसला.

"अवो," ती हळूच म्हणाली, "इतकं आर्जव माझं कुणी कधी केलं न्हाई. घामाचं काय, पुसता येतो."

तेवढ्यात बाहेर रेवतीची नजर तिच्या घामावर गेली. तिने नवऱ्याला कोपर मारलं. "अक्काला घेरी येईल! मान गेला चुलीत, दार उघडा!"

देविदासने दगडोबाला बाजूला सारलं आणि बाहेरची कडी एका बोटाने ओढली.

दार उघडलं. असं उघडलं, की त्याला खांदा टेकून बसलेली गोजरबाई सरळ बाहेर आली आणि भावाच्या अंगावर पडली. आरतीचं ताट वाचलं, नारळ घरंगळत डीजेखाली गेला. ज्या दारातून ती पडू नये म्हणून एवढी उठाठेव, त्याच दारातून सगळ्या माहेरादेखत पडली!

"आतून कुठं उघडलं? मान पोचला का, दाजी?" दगडोबाने विचारलं.

"पोचला," तिच्या मागून सरपटत उतरत संतराम म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

देविदास मात्र दाराकडे वाकून पाहत होता. त्याने बोटाने ती बारकी पट्टी खाली-वर केली आणि संतरामच्या कानाशी आला. "दाजी, ही तर बारक्या लेकरांसाठी असती. मागं बसून त्यांनी दार उघडू नये म्हणून. माझ्या गाडीला पण हाये."

संतरामने बॉनेटवरचं घड्याळ उचलून गुपचूप पुढे केलं. देविदासने ते त्याच्या मनगटात बांधलं. "राहू द्या. सगळ्यांनी बघितलं आता. आन् दाजी, अक्का तुमच्या गाडीतून आली, लई बरं वाटलं."

परतीला देविदासने नव्या गाडीचं विचारलं, पण गोजरबाई सगळ्यांसमोर पिकअपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली. संतराम खूश! पट्टीची गोष्ट आता फक्त देविदासला ठाऊक, असा त्याचा समज. त्यामुळे हिंगोली येईपर्यंत त्याची गाडी पुन्हा रुळावर आली. "घड्याळ कसं दिसून राहिलं? आपण जरा ताणून धरलं म्हणून मिळालं! मानूस बसला कसा, ह्याच्यावर असतं सगळं!"

गोजरबाईने पदराआड हसू दाबलं.

घर आलं. ती उतरली. तिच्या दाराची पट्टी देविदासने खाली केली होती, त्यामुळे ते मुकाट्याने उघडलं. संतरामच्या दाराची पट्टी तशीच वर होती, हे खटका ओढल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो तिच्या बाजूने उतरायला सरकला, तेवढ्यात गोजरबाईने कडीखाली बोट घातलं, पट्टी वर केली आणि दार लावलं.

खट्ट!

मग ती ओट्यावर पाय पसरून बसली. संतरामने काच वाजवली, हात जोडले, शेवटी मनगटावर खटका फिरवून दाखवला.

गोजरबाईने लांबूनच मान हलवली.

"घड्याळ? आता अजून कशाला? मिळालं की तुमाला!"