निघताना काय दिसलं?

कोळेकर सरांच्या घरून पाहुणा निघाला, की सर त्याला दारातच अडवायचे. "आमच्या घरात काय दिसलं, तेवढं सांगून जावा." पाहुणा चहाची तारीफ करायचा. "च्या ऱ्हाऊ द्या. आमच्या दोघांचं पटतंय का न्हाय, ते सांगा." आत काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. सोमेश्वरनगरचा एक पाहुणा तर गडबडीत सरांच्याच चपला घालून गेला.

सर मूळचे निरवांगीचे, बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मी त्यांचा प्रयोगशाळा सहायक. तीन वर्षं खपून त्यांनी एक रेणू बनवला होता. त्यात दोन इलेक्ट्रॉन जोडीदाराविना राहायचे. एका घरात राहून या दोघांना एकमेकांची खबर असते का, एवढंच सरांना जाणून घ्यायचं होतं. ते सांगतो म्युऑन नावाचा कण. तो रेणूला चिकटतो, दोन मायक्रोसेकंदांत संपतो आणि संपताना आतल्या इलेक्ट्रॉनांची खबर देऊन जातो. सर त्याला पाहुणाच म्हणायचे. तो तयार करणारं यंत्र परदेशात होतं. त्र्याण्णव साली सरांना त्या यंत्रावर दोन दिवस मिळाले, तेव्हा त्यांनी अख्ख्या स्टाफरूमला पेढे वाटले.

रेणूची सीलबंद नळी बर्फात होती, गर्द जांभळी. दसरा झाला की सर निघणार होते. खंडेनवमीला मी तराजू, ब्युरेट मांडून पूजा केली. सरांच्या एवढ्या मोठ्या कामाला हळदकुंकू नको, असं कसं चालेल? मी नळी काढून समईपाशी ठेवली.

दुपारी सर आले, तोवर जांभळा रंग पार उडाला होता. उबेनं ते एकटे इलेक्ट्रॉन शेजारच्या रेणूंशी जोडले गेले होते.

सरांनी नळी उचलून उजेडात धरली. "पावणा यायचा हाय, आन् घरात कुणीच न्हाय," एवढंच बोलले.

परदेशी पाठवायचं पत्र टाइप करायला माझ्याकडेच आलं. 'माझ्या हातून नमुना खराब झाला,' असं सरांनी लिहिलं होतं. मी ते जसंच्या तसं टाइप केलं. यंत्रावर त्यांना पुन्हा वेळ मिळाला नाही.

सर निवृत्त झाले, तेव्हा माफी मागायचीच असं ठरवून मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, उसाच्या गप्पा झाल्या, माझी जीभ काही उचलेना. निघताना मुद्दाम दारात रेंगाळलो. सरांनी काय दिसलं म्हणून विचारलं, की सगळं सांगून टाकणार होतो.

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सावकाश जा," म्हणाले.

त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी विचारलं नाही.